चौदा पौंड हवा

माझ्या दुकानात कोणी खुशीनं येत नाही. मिठाईवाल्याकडे माणूस हसत जातो, सोनाराकडे बायकोला घेऊन जातो, डॉक्टरकडेसुद्धा कधी कधी गोड बातमी ऐकायला जातो. पंक्चरवाल्याकडे येणारा मात्र घामाघूम, उशीर झालेला आणि कोणावर तरी चिडलेला असतो. खिळ्यावर चिडून उपयोग नसतो, म्हणून तो माझ्यावर चिडतो. चाळीसेक वर्षं मी हे ऐकून घेतोय आणि आता एखादा गिऱ्हाईक शांतपणे आला की मलाच चुकल्यासारखं वाटतं.

ह्या अंकाचे संपादकही असेच आले, स्कूटर ढकलत. मी ट्यूब पाण्यात फिरवत होतो तेव्हा म्हणाले, "रंगनाथराव, तुमच्याकडे किस्से लई असतील. लिहा की दिवाळीला." मी म्हणालो, मला कुठं लिहिता येतं. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. मी दुकानात बोलतो तसं लिहिलं तर अंक घरात नेता येणार नाही, म्हणून जरा धुऊन पुसून लिहितोय.

दुकान क्रांती चौकाच्या अलीकडच्या गल्लीत. पत्र्याची शेड, एक कंप्रेसर, पाण्याचा टब आणि शेजारी सलीमभाईची चहाची गाडी. मी मूळचा अजिंठ्याकडचा. तरुणपणी शहरात आलो तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, रस्ते अरुंद होते आणि पूल एकही नव्हता. आता नाव बदललं, पूल झाले, खिळे मात्र तेच आहेत.

लोकांना वाटतं, पंक्चर काढणं म्हणजे भोक बुजवणं. भोक बुजवायला पाच मिनिटं लागतात आणि ते कोणीही करील. खरं काम आहे हवा कुठून जाते ते शोधणं. खिळा दिसला म्हणजे हवा तिथूनच जाते असं नसतं. कधी व्हॉल्व्ह सैल असतो, कधी रिमला गंज चढलेला असतो, कधी खिळ्यानं आत जाऊन दुसरीकडे चावा घेतलेला असतो. टबात बुडबुडे आले तर सोपं असतं. नाही आले तर आधी कान लावायचा. कानाला कळलं नाही तर शेवटचा उपाय ओठ. वरचा ओठ जिभेनं ओला करायचा आणि टायर त्याच्यासमोरून हळूहळू फिरवायचा. ओल्या ओठाला जी हवा कळते ती कुठल्याही यंत्राला कळत नाही. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. सलीमभाई ह्याला 'टायरचा मुका' म्हणतात, पण त्यांना काय, दूध उतू गेलेलं डोळ्यांना दिसतं.

गिऱ्हाइकांचे नमुने किती सांगू. एक निवृत्त हेडमास्तर होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्कूटर घेऊन यायचे आणि म्हणायचे, "शिळी हवा काढा, ताजी भरा." मी एकदा सांगून बघितलं की गुरुजी, हवा शिळी होत नसते. त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघतात तसं बघितलं. तेव्हापासून मी मुकाट दोन्ही चाकं रिकामी करायचो आणि पुन्हा भरायचो. गुरुजी चाकाला बोटानं टिचकी मारून बघायचे आणि समाधानानं जायचे. ते वारले तेव्हा मला पहिल्या तारखेला करमेना. शेवटी मी माझ्याच स्कूटरची हवा काढून पुन्हा भरली.

दुसरा किस्सा वरातीचा. चांदीच्या पत्र्यानं मढवलेला रथ, त्याला मोटारसायकलची चाकं आणि त्यातलं एक ऐन चौकात बसलेलं. मी जॅक घेऊन गेलो आणि म्हणालो, नवरदेव, जरा खाली उतरा. तर मागून सगळं वऱ्हाड ओरडलं, "उतरायचं नाय! मांडवाच्या आधी पाय जमिनीला लागायचा नाय!" नवरदेवाच्या मांडीवर करवला, बाजूला दोन मेहुणे, त्यांनीही उतरायला नकार दिला. मग मी चौघांसकट रथ जॅकवर चढवला. बॅण्डवाल्यांना कोणीतरी सांगितलं की थांबू नका, त्यामुळे मी चाक काढत होतो, रथ वाजणाऱ्या ढोलाबरोबर हलत होता आणि नवरदेव वरून मला म्हणत होता, "मामा, पाडू नका वो, एकच दिवस हाय." पाडलं नाही. त्याच्या मुलाच्या सायकलचं पंक्चरही पुढं मीच काढलं.

अशा गोष्टींनी माणूस फुगतो. मीही फुगलो होतो. गल्लीत येईल त्याला मी ऐकवायचो की रंगनाथच्या दुकानातून टायर परत जात नाही. ट्रकचा आणा, ट्रॅक्टरचा आणा, हातगाडीचा आणा. आता जी गोष्ट सांगणार आहे ती ह्याच बोलण्यापायी झाली. ती मी गल्लीत आजवर सलीमभाईशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी सकाळी एक पिकअप थांबली आणि तिच्यातून तिशीतलं एक जोडपं उतरलं. नवरा नीलेश, गॅरेजवाला. हाताच्या रेषांत काळं तेल बसलेलं, म्हणजे आपल्याच जातकुळीचा. बायको सायली, वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासण्याचं काम करणारी, माहेर बिडकीनचं. दोघांनी मिळून रिमसकट एक टायर उतरवला. मी बघितलं आणि म्हणालो, "अहो, हा आणलात कशाला? पार टकला झालाय. फेकून द्या."

सायली हसायला लागली. "मामा, हा असाच असतो. नवा घेतला तरी टकलाच येतो."

तो शर्यतीचा टायर होता. दोन मोटारी शेजारी उभ्या करतात, हिरवा दिवा लागतो आणि सरळ रस्त्यावर चारशे मीटर जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, काही नाही, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. त्याला ड्रॅग रेस म्हणतात. ह्या शर्यतीत सगळा जोर सुटताना लागतो, म्हणून टायर रस्त्याला चिकटला पाहिजे. त्याला नक्षी नसते, रबर मऊ असतं, इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो. आणि त्यात हवा भरायची फक्त चौदा पौंड. मी म्हणालो, माझ्या गाडीत ह्याच्या दुप्पट असते. ती म्हणाली, "त्येच तर हाय मामा. हवा कमी असली की टायर बसतो, रस्त्याला जास्त लागतो. पण चौदा म्हंजे चौदा. ह्याच्यात सकाळी चौदा भरते आन् संध्याकाळी नऊ असते. नऊवर सुटले तर गाडी सरळ जायची नाय."

शर्यत रविवारी होती, बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत. तिथं मोठमोठे मोकळे रस्ते पडलेत, त्यातला एक परवानगी काढून एका दिवसासाठी बंद केला होता. सायलीच्या दृष्टीनं तो नुसता रस्ता नव्हता. ती म्हणाली, "आमची तूर असायची तिथं. ज्या जागेवरून गाडी सुटणार ना, तिथं आमच्या आबांची विहीर व्हती. आबा येणारेत बघायला. त्या जमिनीवर आता काय पिकतं ते बघतो म्हणले." हे ती हसत बोलली, पण टायरवरचा हात तिनं बाजूला केला नाही. तिला ती शर्यत तिथंच जिंकायची होती, आबांसमोर. मागच्या दोन चाकांना असे दोन टायर तिनं पुण्याच्या एका रेसवाल्याकडून वापरलेले घेतले होते. तिसरा नव्हता.

मी बाह्या सरसावल्या. पहिली सवय म्हणजे हवा जास्त भरायची, म्हणजे भोक आपोआप बोलतं. मी नळी लावली आणि सायली ओरडली, "चौदाच्या वर नाय!" मग साबणाचं पाणी लावलं. फेस सगळीकडे थोडा थोडा आला. ती म्हणाली, ह्या टायरची बाजूची भिंतच इतकी पातळ असते की थोडी हवा पाझरते, ते चालतं. रिमच्या कडेनं टायरमध्ये बारीक स्क्रू मारलेले होते. सुटताना एवढा जोर येतो की नाहीतर रिम फिरते आणि टायर जागेवर राहतो. मला वाटलं, चोर इथंच. एकेक स्क्रू तपासला, सगळे कोरडे.

तासभर गेला. मग मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, ओठ ओला केला आणि टायर फिरवायला लागलो. सलीमभाई किटली घेऊन आले होते. म्हणाले, "क्या रंगनाथभाई, टकले को भी नहीं छोड़ते तुम!" मी टायर फिरवत राहिलो. अर्धा फेरा झाला आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याला गार लागलं. तिथं चिमट्यानं दाबून बघितलं तर केसाएवढी तार. रस्त्यावरचं काहीही उचलायचं हा त्या मऊ रबराचा दोष. नीलेश म्हणाला, "मामा, पाय कुठं हायेत तुमचे?" आणि खरोखर वाकला. मी त्याला उठवलं, पण सावकाश उठवलं, खोटं कशाला सांगू.

भोक भरायला मी दोरी काढली. ट्यूबलेस टायरच्या भोकात रबराची चिकट दोरी खुपसतात, ती. सायली म्हणाली, दोरी नको, वेगात निघून जाते. मग आतून पॅच लावायचं ठरलं. स्क्रू काढले, टायर रिमवरून उतरवला. सायलीला कारखान्यातून फोन आला म्हणून ती रस्त्याच्या कडेला गेली आणि नीलेश सलीमभाईंच्या गाडीवर चहाला गेला. टायरजवळ मी एकटाच होतो.

पॅच लावण्याआधी आतलं रबर घासावं लागतं, नाहीतर पॅच धरत नाही. मी आयुष्यभर ट्रकचे टायर घासलेत. ट्रकच्या टायरमध्ये दोऱ्यांचे कितीतरी थर असतात, तिथं घासायच्या मशीनचे दोन हात दणकून मारले तरी फरक पडत नाही. हात आपोआप चालतो. ह्या टायरला मी तेच दोन हात मारले. पहिल्या हाताला रबर उडालं आणि दुसऱ्या हाताला पांढरे दोरे दिसले. मशीन बंद करून बोट फिरवलं तर दोऱ्यांची टोकं टोचली. चार-पाच तुटले होते. मागाहून कळलं, ह्या टायरला दोऱ्यांचे थर असतात मोजून दोन.

मी मान वर केली. सायलीची पाठ माझ्याकडे होती. नीलेश बशीत चहा ओतत होता. चुकलो असं सांगायला मला फक्त तोंड उघडायचं होतं आणि मी पॅच उघडला. नेहमीपेक्षा मोठा घेतला. सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पॅच दाबून बसवला. दोरे झाकले गेले. मनात म्हणालो, असे दोरे दिसलेले ट्रकचे टायर जालन्याला जाऊन येतात, इथं तर चारशे मीटरच जायचंय. माणूस स्वतःला फसवायला लागला की हिशेब भलताच पटापट करतो.

टायर बसवला, चौदा पौंड भरले. दुपारी चौदा, संध्याकाळी दुकान बंद करताना चौदा. सायलीनं मीटर तीनदा लावलं. "मामा, रविवारी यायचंच," म्हणाली. "आबांना दावते, हा टायर कुणी वाचवला ते." मी खाली बघतच म्हणालो, बघू.

शनिवार कसा गेला ते मला विचारू नका. एका मुलीच्या सायकलचं मी चांगलं चाकच खोललं, पंक्चर दुसऱ्या चाकात होतं. सलीमभाईंनी दोनदा चहा बदलून दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "क्या हुआ जी? किसी ने कुछ बोला क्या?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हारे कू मालूम, वो टायर टिकेगा?" मी म्हणालो, टिकेल. ते म्हणाले, "तो फिर चाय क्यों नहीं उतर री?"

रविवारी मी पैठणची एसटी पकडली आणि बिडकीनला उतरलो. तिथून एका दुधवाल्याच्या मागं बसून शर्यतीच्या रस्त्यावर. उशीरच झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि वाळूची पोती, कठड्याला टेकलेली हजारभर माणसं, वडापाव, उसाचा रस, रुग्णवाहिका. भोंग्यावरून कळलं की सायली सकाळी दोनदा पळाली आणि दोन्ही वेळा जिंकली. आता अंतिम फेरी, समोर पुण्याची गाडी. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. म्हटलं, बघ रंगनाथ, टिकला. उगाच घाबरलास.

मग मी एका जोडीची शर्यत जवळून बघितली. तिसऱ्या क्रमांकासाठीची होती. टायर गरम करायला गाडी जागच्या जागी चाकं फिरवते, धुराचा लोट उठतो, रबर जळल्याचा वास येतो. तिथपर्यंत मला मजा वाटली. मग हिरवा दिवा लागला आणि माझी नजर मागच्या टायरवर होती. गाडी सुटायच्या क्षणी तो टायर पिळला गेला. ओलं धोतर दोन माणसं दोन टोकांना धरून पिळतात तसा. बाजूच्या भिंतीला सुरकुत्या पडल्या, रिम पुढं गेली, रबर मागं राहिलं, आणि मग तो सगळा पीळ एकदम सुटून गाडी उडाली. पुढं वेगात तोच टायर फुगून उंच झालेला दिसला. मी चाळीस वर्षं टायर हाताळले आणि टायरवर एवढा अत्याचार होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. तो सगळा पीळ दोऱ्यांनी धरायचा असतो आणि त्यातले दोरे मी तोडले होते.

सायलीची गाडी रांगेत पुढं सरकत होती. मी कठड्यावर पाय टाकला. माझं वय, माझं पोट आणि कठड्याची उंची ह्यांचा मेळ बसेना. शिट्टी गळ्यात असलेला एक स्वयंसेवक धावत आला, "ओ आजोबा, कुठं निघाला? मरायचंय का?" मी म्हणालो, "मला नाय मरायचं, पण तिला मरू द्यायचं नाय," आणि पलीकडे पडलो. गुडघा फुटला. तसाच लंगडत गाडीपर्यंत गेलो. स्वयंसेवक मागं शिट्टी वाजवत येत होता, आणि लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सायलीनं हेल्मेट घातलेलं. काच खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून काही बोललो नव्हतो.

"मामा, टायरला काय झालंय?" ती म्हणाली.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दोन हात, पांढरे दोरे, मोठा पॅच. गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शिट्टीवाल्यानंही ऐकलं आणि त्यानं शिट्टी तोंडातून काढली. नीलेश धावत आला होता. तो म्हणाला, "अहो, पण दोनदा पळाली की! हवा बी चौदाच हाय!" मी म्हणालो, "हवा धरली रे. पण दोऱ्यांचं काय झालं असंल ते मला ठावं नाय."

सायलीनं हेल्मेट काढलं. घामानं कपाळाला केस चिकटलेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी का नाय बोलले तुमी? शुक्रवारी बोलले असते तर शनिवारी पुण्याहून दुसरा आणला असता मी. रातोरात आणला असता." मग कठड्यापलीकडे बोट केलं. तिथं पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. "त्येंना आता काय सांगू?"



संयोजकांनी दहा मिनिटं दिली. पिकअपमध्ये गाडीचे रोजचे साधे टायर होते, ते नीलेशनं चढवायला घेतले. मी नट खोलायला वाकलो तर त्यानं माझ्या हातातला पाना काढून घेतला. उद्धटपणे नाही, नुसता काढून घेतला. मी बाजूला उभा राहिलो. दुसऱ्याला चाक बदलताना बघत हात बांधून उभं राहण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

ती त्या साध्या टायरांवर पळाली. पळाली म्हणजे काय, दिवा हिरवा झाला, पुण्याची गाडी गेली आणि सायलीची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. साध्या टायरला तेवढा जोर रस्त्यावर धरताच येईना. गाडी डावी-उजवीकडे डुलत निघाली. लोक हसले. एकानं ओरडून विचारलं, "नांगरट चाललीय का?" पण तिनं गाडी सोडली नाही, सरळ केली आणि पुण्याच्या गाडीनंतर कितीतरी वेळानं पलीकडची रेघ ओलांडली. पांढरी टोपी उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. आबांना बहुतेक वाटलं होतं, ती जिंकली. कोणी तरी त्यांच्या कानात खरं सांगितलं, तरी ते टाळ्या वाजवतच राहिले.

संध्याकाळी नीलेशनं तो टायर रिमवरून सोडवला आणि आतून बघितला. पॅच जिथल्या तिथं होता, माझं चिकटवलेलं निघत नाही. पण पॅचच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत दोरे उसवत गेले होते. सकाळच्या दोन फेऱ्यांत तेवढे गेले. आणखी एक फेरी टिकला असता का? नीलेश म्हणाला, टिकला असता. सायली म्हणाली, नसता. मला आजही माहीत नाही आणि ते माहीत नसणं मला फार जड जातं. त्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते म्हणतात, तुम्ही जीव वाचवला. मी तो आधी धोक्यात घातला होता, हे ते सोडून देतात. शिवाय शुक्रवारी दोन वाक्यं बोललो असतो तर जीवही वाचला असता आणि शर्यतही.

त्यानंतर मी आरोळ्या ठोकणं बंद केलं. दोन-चार टायर परतही पाठवले, हात जोडून सांगितलं की हे माझ्याकडून व्हायचं नाही. गल्लीत कुजबुज झाली की रंगनाथचं वय झालं. सलीमभाईंनी मात्र पहिल्या परत गेलेल्या टायराच्या दिवशी मला एक कप जास्तीचा दिला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

सायली आली नाही. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. ती पिकअप रस्त्यानं जाताना मी दोनदा ओळखली. थांबली नाही. त्यात तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी ती थांबली. सायली एकटीच होती. मागचं फळकूट पाडून तिनं दोन टायर खाली घेतले, दोन्ही टकले, दोन्ही नवे. एकातून हवा जात होती. ती म्हणाली, "मामा, बघा."

मी म्हणालो, "बाई, शहरात आता मोठमोठी दुकानं झालीत. यंत्रं आलीत. तिकडं दाखव. माझ्याकडं कशाला?"

"तिकडं बी दावला असता," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्या अगदी समोर बसली. "पण तुमी लपवता तवा तुमचं तोंड कसं हुतं, ते मला आता ठावं हाय. तिकडच्या माणसाचं नव्यानं शिकावं लागंल."

मी ओठ ओला केला आणि टायर फिरवायला घेतला. तासभर काम चाललं. तेवढ्या वेळात तिनं टायरकडे एकदाही बघितलं नाही, ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.